माझी गाडी मी परत आणली

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण मध्येच हसायचं नाही, हे आधीच बजावून ठेवतो. हा किस्सा सांगताना मला अजूनही राग येतो. पूर्वी बसवअण्णाचा यायचा. आता कुणाचा येतो, ते ऐकाल तेव्हा कळेलच.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. जुन्या सिनेमांत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पळते ना, गोल दिव्यांची, तीच. माझी मात्र पिस्ता रंगाची. मी मूळचा पुण्याचा, राहायला बेंगळुरूत, एचएसआर लेआउटला, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर. सुट्टीच्या दिवशी माझे मित्र डोंगर चढतात, मी गाडीखाली शिरतो. ज्याची त्याची हौस!

या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला असतो. मला तो खाली, दोन सीटच्या मधे हवा होता. शिवाय थोडं पत्र्याचं काम, रंग, नवी सीट कव्हरं. काम दिलं चामराजपेटच्या गॅरेजवाल्या बसवअण्णाला. माणूस निपाणीकडचा, त्यामुळे मराठीत भांडायची सोय. हात सोन्याचा. फक्त त्याचे 'दोन दिवस' कधी संपत नाहीत.

"अण्णा, गाडी?"

"दोन दिवसांत देतो की साहेब."

असे तीन महिने! शेवटच्या फोनवर म्हणाला, "रंग झालाय साहेब, गिअरचं तेवढं राहिलंय. दोन दिवस थांबा." मी फोन असा आपटला, की स्क्रीनला तडा. तोही राग बसवअण्णाच्याच खात्यावर!

त्या रविवारी बनशंकरीला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. तिथेही मी श्रीखंड खाता खाता बसवअण्णाच्या नावानं बोटं मोडत होतो. जेवून निघालो, तिथल्या देवीच्या देवळामागच्या गल्लीत ऑटो शोधतोय, आणि बघतो तर काय?

माझी गाडी!

पिस्ता रंग, नुकता दिलेला, लख्ख. झाडाच्या सावलीत आरामात उभी. खिडक्यांच्या काचा खाली. जणू कुणी सहकुटुंब देवदर्शनाला आलंय! सांगा, तुमचं डोकं फिरलं नसतं?

पुढे जाऊन नंबर प्लेट पाहिली. नंबर वेगळा! आता शहाणा माणूस इथे काय म्हणेल? 'अरे, ही दुसऱ्या कुणाची तरी दिसतेय.' मी काय म्हणालो? "हरामखोरानं नंबरसुद्धा बदलला!"

दार उघडून आत डोकावलो. लाल मखमली कव्हरं! मी तपकिरी सांगितली होती. डॅशबोर्डवर माझा गणपती नाही, तिथे देवी! म्हणजे देवसुद्धा बदलला! आणि गिअर? गिअर जिथल्या तिथे, स्टीअरिंगच्या दांड्यालाच! तीन महिने हा माणूस माझी गाडी घेऊन नुसता हिंडतोय!

ही गाडी माझी नाही, असं गाडी स्वतः ओरडून सांगत होती हो! पण रागाला कान असतात का?

तिथेच उभं राहून फोन लावला.

"अण्णा, गाडी कुठंय माझी?"

"कुठं म्हणजे? गॅरेजमध्ये. माझ्यासमोरच हाय की."

"समोर आहे?"

"हात ठेवून उभा हाय साहेब!"

बघा! दिवसाढवळ्या, देवळाच्या दारात, इतकं खोटं! "तिथंच थांबा. हलायचं नाही. आलोच मी," म्हणालो आणि गाडीत बसलो. गाडीची दुसरी किल्ली माझ्या जुडग्यात कायम असते. इतकी झिजली आहे, की तिनं गोदरेजचं सोडून कुठलंही कपाट उघडेल. लावली, जराशी खुटखुट केली, फिरवली. गाडी गुरगुरली. झालं! माझी किल्ली लागली म्हणजे गाडी माझीच! आणखी पुरावा कशाला?

निघालो. तोंडानं शिव्या, हातानं हॉर्न. मोठ्या रस्त्याला लागलो, आणि रागात एक खड्डा सरळ अंगावर घेतला.

"अय्यो! स्वल्प हळू रे! कंबर मोडली माझी!"

आवाज मागून आला.

आरशात पाहिलं. मागच्या सीटवर शाल बाजूला सारून एक अज्जी उठून बसत होत्या. नऊवारी, नाकात चमकी, कपाळावर आठ्या, आणि बोली कानडी वळणाची मराठी. गाडी कशीबशी कडेला घेतली.

"तुम्ही कोण?"

"मी कोण? तू कोण विचारणारा? अ‍ॅक्टिंग ड्रायव्हर ना तू?"

बेंगळुरूत आपल्या गाडीसाठी तासाभरापुरता ड्रायव्हर बोलावतात, त्याला अ‍ॅक्टिंग ड्रायव्हर म्हणतात. म्हणजे माझ्याच गाडीत मीच ड्रायव्हर!

"अज्जी, गाडी कुणाची आहे ही?"

"आमची. माझ्या मुलाची. त्यानंच उभी केली सगळी, स्वतःच्या हातानं. माझे गुडघे धरले म्हणून म्हणाला, अम्मा, तू गाडीत नीज. माझी पूजा चालू दे. ड्रायव्हर येईल, तुला चामराजपेटला घरी सोडेल."

चामराजपेट! स्वतःच्या हातानं! माझ्या डोक्यात दिवा पेटला. ही तर बसवअण्णाची आई!

"अज्जी, तुमचा मुलगा देवळात नाही. गॅरेजमध्ये आहे. आत्ता फोनवर बोललो त्याच्याशी."

अज्जींचा चेहरा बदलला.

"गॅरेजात? पूजा टाकून?"

"गाडीवर हात ठेवून उभा आहे म्हणाला."

"मेल्याला देवापेक्षा गाडी जास्त! घे, गाडी घे तिकडेच. आज बघतेच मी त्याला!"

आणि काय सांगू, पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघांनी मिळून त्याचा उद्धार केला. मी म्हणायचो, "शब्दाचा पक्का नाही." त्या म्हणायच्या, "लहानपणापासूनच तसा!" मी म्हणायचो, "तीन महिने फसवलं मला." त्या म्हणायच्या, "मला चाळीस वर्षं!" इतकं एकमत माझं घरात कधी कुणाशी झालेलं नाही. राग दोघांचा अगदी खरा. फक्त माणसं दोन होती, एवढंच.

गॅरेजच्या दारात कचकन ब्रेक मारला. बसवअण्णा पान्हा हातात घेऊन बाहेर आला.

"समोर आहे काय? हात ठेवलाय काय?" मी सुरू झालो. "ही काय आहे मग? नंबर बदललात, देव बदललात, आईला घेऊन फिरताय? लाज वाटत नाही? पोलिसांत देतो तुम्हाला!"

शेजारचा टायरवाला आला. चहावाला आला. समोरच्या दुकानातली माणसं फळीवरून खाली उतरली. मी जास्तच चढलो. माझा श्वास संपल्यावर बसवअण्णा मागे वळला आणि आतल्या एका गाडीवरची ताडपत्री ओढली.

पिस्ता रंग. चारी चाकं काढलेली, गाडी विटांवर. दारं भिंतीला टेकवलेली. डॅशबोर्डवर माझा गणपती.

"ही तुमची साहेब," तो म्हणाला. "ती कुणाची आणलायसा?"

तुम्ही कधी भर चौकात, वीस माणसांसमोर गप्प झाला आहात का? होऊ नका.

अज्जींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बसवअण्णाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा कोण?"

"तुमचा... मुलगा?" मी म्हणालो.

"हा? माझा मुलगा बँकेत मॅनेजर आहे, गाडी ही त्याची हौस!" आणि मग जो पट्टा सुटला! मगाशी मुलाच्या वाट्याला आलेलं सगळं व्याजासकट माझ्याकडे वळलं. "चोर तो चोर, वर ओरडतोस? दुसऱ्याच्या गाडीत बसतोस, दुसऱ्याची आई पळवतोस, आणि पोलीस दुसऱ्याला दाखवतोस?"

एक शब्द खोटा होता का?

बसवअण्णानं त्यांना पाणी दिलं, नंबर विचारला आणि मुलाला फोन लावला. तिकडे आकांत चालला होता. खरा ड्रायव्हर आला तर गाडी नाही, गाडीत अम्मा नाही! मुलगा हवालदाराला घेऊन गल्लोगल्ली शोधत होता. फोनवरचं त्याचं कानडी मला फारसं कळलं नाही. कळलं नाही तेच बरं.

"घर पलीकडच्याच रस्त्याला आहे," अज्जी म्हणाल्या. "त्याला म्हणावं, घरी ये. आणि तू? बघत काय उभा राहिलास? आणलंस ना इथवर? आता घरी सोड!"

बसलो. काय करणार? गाडी अशी चालवली, की मुंगीलाही धक्का लागू नये. मुंगीच्या काळजीनं नाही, हवालदाराच्या भीतीनं.

आम्ही पोचून थोडाच वेळ झाला असेल, तोवर जीप आली. आधी मुलगा उतरला, कपाळावर कुंकू, हातात नारळ. नारळ फोडायचा होता आणि त्याला माझं डोकं सोयीचं दिसत होतं. मागून हवालदार.

तेवढ्यात अज्जी मधे आल्या. हवालदाराला मलाही कळेल अशा कानडीत ठणकावलं, "कंप्लेंट-बिंप्लेंट काही नाही. गैरसमज झाला. मी घरी पोचले ना? जा तुम्ही." त्यांच्यापुढे हवालदाराचं चालेना, तिथे मुलाचं काय चालणार? नारळ खाली आला.

मी वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू!

अज्जींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "गाडी बरी चालवतो रे. पण तोंड फार वाईट आहे. उद्यापासून हा नको, दुसरा बघ."

पंधरा वर्षांत माझ्या कंपनीनं जे केलं नाही, ते त्या बाईंनी एका दुपारी केलं. मला कामावरून काढलं! तेही मी न धरलेल्या कामावरून!