मावशी पाहुणी झाल्या तेव्हा

तळ्याकाठच्या लाकडी घरांत चादरी बदलता बदलता मावशींचं उभं आयुष्य गेलं. पाहुणे गेले की पलंग उघडा करायचा, टॉवेल गोळा करायचे आणि शेवटी जाड पडदे ओढून घ्यायचे, म्हणजे तळ्यावरून येणाऱ्या उन्हानं गाद्यांचा रंग उडत नाही. मागचा डोंगर कधीकाळी आग ओकायचा म्हणे. आता नुसती भोकाभोकांतून वाफ सोडतो. पण त्याची काळी भुकटी रोज खिडकीत हजर, आणि गंधकाच्या वाफेनं नळ काळे पडायचे ते वेगळंच. पुसून पाठ फिरवावी तर पुन्हा आहेच. "डोंगरसुद्धा निवृत्त झाला, तू कधी होणार?" असं काका विचारायचे.

काका म्हणजे मावशींचे यजमान. पाहुण्यांना होडीतून फिरवण्यात त्यांनी जन्म काढला. आता नजर जात चालली होती. डोळ्याची नस सुकतेय, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोघं राहायची धुलाईखोलीच्या मागे. तिथल्या खिडकीतून दिसायच्या त्या फक्त वाळत घातलेल्या चादरी. काकांचा एकच हट्ट होता. "डोळे आहेत तोवर एकदा पलंगावर पडून सकाळचं तळं बघायचं. पाहुणे बघतात तसं."

हे मालकीणबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "पुढचं घर आज रिकामं आहे. जा की दोघं!"

पण जित्याची खोड ती! काका पलंगावर ऐसपैस पसरले आणि मावशी बसल्या नळ घासत.

"अगं, आज तू पाहुणी आहेस."

"मला माहितीये हो. नळाला कुठे माहितीये?"

पडदे उघडे ठेवायचे, एवढं मात्र त्यांनी आठवणीनं केलं. मग पाठ टेकली. पाठ इतकी दुखत होती, की मऊ गादीसुद्धा टोचली. तरी दमलेला जीव, मेल्यासारख्या झोपल्या.

उजाडायच्या आत काका उठून न्हाणीघरात गेले. थोड्या वेळानं मावशींना जाग आली, पण ती हातांना, डोक्याला नाही. उठून उभ्या राहिल्या तर समोर रिकामा पलंग. त्यांनी तो उघडा केला, चादरींचा गठ्ठा बांधला आणि पडदे ओढून घेतले.

न्हाणीघरातला दिवा मालवून काका बाहेर आले. "अजून रात्रच आहे का गं?"

"छे, उजाडलं की कधीचं!"

काका जागच्या जागी थांबले. "मग गेली गं," ते हळूच म्हणाले. "गेली माझी नजर."

मावशींची झोप खाडकन उतरली. त्यांनी धावत जाऊन पडदे सरकवले. "मेले माझे हात! मी ओढले हो पडदे, मी!" त्या ढसाढसा रडायला लागल्या. इतक्या वर्षांचा शीण त्या रडण्यात होता.

काका चाचपत येऊन उघड्या गादीवर बसले. मावशी शेजारी टेकल्या, गठ्ठा पायाशी तसाच. बाहेर तळं लख्ख होतं, पलीकडच्या काठावरचं झाडन्‌झाड दिसत होतं.

"उजेड दिसतोय," काका म्हणाले. "पाणीही दिसतंय. काठ नाही दिसत. धुकं आहे का गं आज?"

"आहे ना," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "चांगलं दाट आहे. मलाही काही दिसत नाहीये."