पिवळ्या पुडीवरची पांढुरकी रेघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. नोकरीतल्या बहादुरीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. ही मात्र दरवेळी गिळली.

दुष्काळाचं साल होतं. मी तुळजापूरला फौजदार होतो. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात बायांनी सहकारी संस्था काढून येसूर करायला घेतला होता. धान्य भाजून, मसाला घालून कुटलेली आपल्याकडची पूड. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि घरी आल्यावर कांडायचं. पुड्यांचा कागद त्या हळदीच्या पाण्यात रंगवायच्या. देवीला येणाऱ्या, वाचता न येणाऱ्या बाया दुकानात एवढंच म्हणत, "ती पिवळी पुडी द्या."

तुळजापुरातल्या एका मोठ्या मसालेवाल्या शेटजींनी कोर्टात तक्रार केली, की ह्या बाया आमच्या पुडीचा रंग उचलतात. झडतीचा हुकूम ठाण्यावर आला. बायांचा नवा माल स्टँडजवळच्या टपरीत उतरल्याची खबर मिळाली. पंचनामा करून पोती सील केली, मुद्देमालात जमा केली आणि संस्थेच्या अध्यक्षबाईंना बोलावून घेतलं. बौद्ध वस्तीतली, चाळिशीची बाई. भ्याली नव्हती.

"म्या रंग चोरला म्हणं! हळद काय त्याच्या बापाची हाय व्हय?"

"मावशी, नीट बोला. साहेब हायती," हवालदार म्हणाला.

"नीटच बोलाया लागले. साहेबांच्या कालवणात हळद नसती का? मंग त्यांनाबी घ्या की आत."

हवालदारानं तोंड फिरवून हसू दाबलं. मी दोन्ही पुड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. बाईंच्या पुडीवर मधोमध एक पांढुरकी आडवी रेघ होती.

"ही काय?"

"कागद दोरीवर वाळत घालतो न्हवं? दोरी टेकती तितला रंग दोरीच पिती."

मी शेटजींची छापील पुडी उचलली. तीच रेघ, त्याच जागी. मशीनवर छापलेला कागद कोण दोरीवर वाळत घालतो?

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन सोलापूरचा छापखाना गाठला. मालकानं अभिमानानं सांगितलं, "शेटजींनी बायांची पुडी आणून दिली. म्हणाले, हुबेहूब पाहिजे. आम्ही रेघसुद्धा सोडली नाही, साहेब!"

प्रकरण तिथंच उकललं होतं. हवालदारानं जबाबासाठी कागद काढला. मी म्हणालो, "राहू द्या. निघू."

वरून दबाव होता म्हणावं, तर तोही नव्हता. दरवर्षी नवरात्राच्या बंदोबस्तात आमच्या पोरांना शेटजींच्या घरचं जेवण यायचं. माझ्या बायकोला त्यांच्या घरी बहिणीचा मान होता. खाल्ल्या मिठाला जागणं याला आपण गुण म्हणतो. त्या गुणाला मी जागलो.

ठाण्यात समझोता घडवला. बाईंना म्हणालो, "कोर्टात तुमचं टिकणार नाही. पिवळा रंग सोडा, माल सोडवून देतो."

"पर पुडी आमचीच हाय ना, साहेब?"

मी फायलीत बघत म्हणालो, "तसा पुरावा नाही."

"तुमी म्हणता तर तसंच आसंल," म्हणून त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली. इतका वेळ माझ्याशी भांडणाऱ्या बाईनं शेवटी माझ्या वर्दीवर विश्वास ठेवला.

त्यानंतर त्यांनी पांढऱ्या कागदात माल बांधला. गिऱ्हाईक पिवळीच पुडी मागत राहिलं, आणि शेटजींची घेत राहिलं. वर्षाच्या आत संस्था मोडली, बाया पुन्हा नुसत्या खडीवर गेल्या. गावानं बाईंना 'रंगचोर' हे नाव ठेवलं, असं पुढं हवालदारानंच सांगितलं. सांगून तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मी त्याला बाहेर पाठवलं.

खोटं बोलणारा माणूस नजर देत नाही, हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. ते शिकलो मात्र त्या फायलीत डोळे घालून बसलो होतो तेव्हा.

बाई अजून आहेत असं कळतं. त्यांच्या गावात, चार माणसांसमोर, "पुडी तुमचीच होती आणि मला ते माहीत होतं," एवढं सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो. अजून गेलेलो नाही.