तिच्या वतीने दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, तिच्या मामाला नाही. मंगलला, माझ्या बायकोला, सांगायचा प्रश्नच नव्हता – का, ते पुढे येईलच.

मी सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासणीला आहे. मी बरोबर म्हटलं की माल बरोबर. चोवीस वर्षं माझ्या शब्दावर कुणी शंका घेतलेली नाही. हे का सांगतोय? बढाई म्हणून नाही. त्या वॉर्डातही माझा शब्द असाच चालला, म्हणून.

सहा वर्षांपूर्वी मंगलचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं, इथेच नाशकात. खराब झालेला भाग काढून दोन टोकं जोडली होती. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कण्हायला लागली, मग ओरडायला. ती देवळ्याकडची, तिचा आवाज मुळातच मोठा. "अहो, आतून फाटल्यागत होतंय, लय दुखतंय हो." समोरच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक माना वळवून बघायचे. आणि मला – कसं सांगू – तिची काळजी नाही वाटली. लाज वाटली. रागही आला.

राउंडला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी तिलाच विचारलं, "ताई, दुखणं कालच्यापेक्षा वाढलंय का?"

तिने तोंड उघडलं. ओठ कोरडे पडलेले, शब्द फुटायला वेळ लागत होता. तेवढ्यात मी बोललो.

"नाही डॉक्टर, कालच्यासारखंच आहे. तिला जरासंही सोसत नाही. बाळंतपणातसुद्धा असंच दवाखाना डोक्यावर घेतला होता."

डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. मीही हसलो. मंगल माझ्याकडे बघत होती.

बस, एवढंच. त्यानंतर तिचं ओरडणं म्हणजे तिची सवय ठरली. ती हाक मारायची, कुणी यायचं नाही. आलंच तर म्हणायचं, "ऑपरेशन झालंय, दुखणारच." दुपारी सिस्टरनी तिला चालायला उठवलं. पोट दोन्ही हातांनी धरून, वाकून, ती चार पावलं गेली आणि फरशीवरच बसली. "नाटकं नकोत हां, मावशी," सिस्टर म्हणाल्या. मी काय केलं असेल? दंडाला धरून तिला खेचलं आणि कानाशी म्हणालो, "ऊठ. लोक बघतायत."

ती उठली. त्यानंतर ओरडली नाही. मला वाटलं, आली वळणावर. खरंच असंच वाटलं – आणि बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग थंडगार पडलं, पोट ताशासारखं कडक झालं. मग सगळ्यांची धावपळ. आतला जोड सुटला होता, घाण पोटात पसरली होती. पुन्हा चिरलं. अकरा दिवस ती आयसीयूत होती. सात महिने शौचासाठी पोटाला पिशवी होती.

तिचा भाऊ देवळ्याहून आला आणि सिस्टरांवर तुटून पडला. मी गप्प राहिलो असेन, असं वाटतं तुम्हाला? मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडलो. "माझी बायको तडफडत होती आणि तुम्ही ढुंकून बघितलं नाही!" त्या सिस्टर, वयाने माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, रडवेल्या होऊन म्हणाल्या, "काका, तुम्हीच तर सांगितलंत ना, त्यांना सोसत नाही म्हणून?"

"मी? मी कधी म्हणालो?"

डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. चूक त्यांचीही होतीच. पण ते माझं ऐकून चुकले होते आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. सिस्टर त्या वॉर्डात पुन्हा दिसल्या नाहीत. कुठे गेल्या, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मंगल सगळ्यांना हेच सांगायची – दवाखान्यातल्या लोकांनी लक्ष दिलं नाही. माझं नाव कधी आलं नाही. मी समजून चाललो की औषधांच्या गुंगीत तिला काही कळलं नसावं. मला तसं समजणं सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात तिची दाढ सुजली. चार दिवस गाल फुगलेला, पण तोंडातून अवाक्षर नाही. शेजारच्या वहिनी तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. दुपारी ती माझ्यापुढे ताट ठेवत असताना मी म्हणालो, "मला सांगायचं ना, दुखतंय म्हणून."

तिने भाकरी वाढली. मग शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी मी शुद्धीत होते. डॉक्टर राउंडला आले तेव्हाही. अन् भावासमोर तुम्ही काय ओरडलात, ते सगळं भाऊनं नंतर मला सांगितलं."

एवढं बोलून ती आत गेली.

मी जेवण पूर्ण केलं. हात धुतले आणि दुसऱ्या पाळीला निघून गेलो.