बर्फावरचे डॉक्टर रूबेन

येल्मर हा वीबे पूलवाल्याचा एकुलता एक मुलगा. वीबेने उभा जन्म गावच्या कालव्यावरचा पूल होड्यांसाठी उचलण्यात आणि गाड्यांसाठी खाली टाकण्यात घालवला. बायको लवकर गेली. पोराने नाटकाची वाट धरली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जेवायला मिळतं ना त्यात?"

बरीच वर्षं धड मिळत नव्हतं. बालनाट्यात अस्वल, जाहिरातीत चीज खाणारा शेजारी, असली कामं. मग हिल्व्हरसमच्या स्टुडिओतल्या एका टीव्ही मालिकेत येल्मर तरुण सर्जन झाला, डॉक्टर रूबेन, आणि वर्षभरात त्याचं खरं नावच पुसलं गेलं. पाव घ्यायला गेला तर दुकानातली बाई हातावरचा फोड दाखवायची.

"अहो, मी नट आहे."

"असाल हो, पण बघून तरी सांगा."

वीबेला याची भारी गंमत वाटे. "आमच्या घरात डॉक्टर आहे, फक्त औषध तेवढं मिळत नाही," असं तो सगळ्यांना सांगत सुटे.

त्या जानेवारीत कित्येक वर्षांनी गावाबाहेरचं तळं गोठलं. अख्ख्या फ्रीसलंड प्रांताला बर्फावर घसरायचं वेड लागलं. शाळा सोडून दिल्या, दुकानांना कुलपं लागली. येल्मरही शूटिंगमधून सुट्टी काढून गावी आला. बापलेक स्केट बांधून निघाले. वीबेने सत्तरी ओलांडली होती, तरी पाठीवर हात बांधून तो पुढेच.

"शहरात राहून लोण्याचे पाय झाले रे तुझे!" तो मागे वळून ओरडला.

वाटाण्याच्या सुपाची टपरी दिसायला लागली आणि वीबे एकाएकी गुडघ्यांवर बसला. येल्मरला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग तो कुशीवर कलंडला. डोळे उघडे, श्वास नाही.

"हाइत!" बापाला लहानपणापासून मारायची तीच हाक मारत येल्मरने त्याला हलवलं. "हाइत, ऊठ ना! बाबा!"

लोक घसरत धावत आले, बहुतेक परगावचे. कुणीतरी फोन लावला. इस्पितळाचं हेलिकॉप्टर निघालं होतं, पण वेळ लागणार होता. तेवढ्यात गर्दीत एकाने त्याला ओळखलं.

"अरे, हे तर डॉक्टर रूबेन! सरका मागे, सर्जन आहेत, सर्जन!"

आणि सगळे मागे सरकले. भोवती मोठं रिंगण झालं, मधे बापलेक.

येल्मरने बापाच्या छातीवर हात ठेवले. कॅमेऱ्यासमोर त्याने हे कितीदा तरी केलं होतं. पण तिथे समोर निजलेला माणूस धडधाकट असतो. त्याला इजा होऊ नये म्हणून कोपर वाकवायचं आणि दाबल्यासारखं करायचं. त्याचे हात त्याच सवयीने चालले. वीबेचे ओठ निळे पडत गेले. हे खोटं आहे हे येल्मरला कळत होतं. खरं कसं करायचं ते कळत नव्हतं. त्याने सगळा जोर लावला. आत काहीतरी कट्‌कन मोडलं. घाबरून त्याने हात उचलले.

"मी डॉक्टर नाही!" तो म्हणाला.

"धीर सोडू नका डॉक्टर," एक म्हातारी कळवळून म्हणाली. "त्या कोळ्याला नाही का परत आणलंत गेल्या आठवड्यात!"

"तो नट होता हो आजी! नंतर माझ्याशेजारी बसून सँडविच खात होता!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "सख्खा बाप आहे," कुणीतरी हळूच म्हणालं. "डोकं बधिर झालंय बिचाऱ्याचं."

तेव्हा येल्मर उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "मी वीबे पूलवाल्याचा येल्मर! जीवशास्त्रात नापास झालेला! मला काही येत नाही! कुणाला येत असेल तर या, पाया पडतो तुमच्या, या!"

टपरीपाशी चित्स्के नावाची परिचारिका उभी होती. पहिली ओरड ऐकूनच ती निघाली होती. पण वाटेत एकाने तिला थांबवलं होतं, "जाऊ नका, सर्जन पोचलेत." म्हणून ती परत फिरली होती. आता हातातलं सूप टाकून ती धावत आली. "सरका," म्हणाली आणि कोपरं ताठ करून अंगाचं सगळं वजन वीबेच्या छातीवर टाकलं.

"फासळ्या मोडू देत. तुम्ही नाक दाबून तोंडाने श्वास द्या. आता. पुन्हा."

हेलिकॉप्टर काठावर उतरलं. वीबेचं हृदय परत सुरू झालं. पण मेंदू फार वेळ श्वासावाचून राहिला होता.

इस्पितळाच्या दारात येल्मरने चित्स्केला गाठलं. "तुम्ही आधी आला असतात तर?"

तिने हातमोजे चढवले. "हे मला नका ना विचारू," म्हणाली आणि सायकल घेऊन गेली.

वसंतात येल्मर स्टुडिओत गेला आणि मालिका सोडतो म्हणाला. लेखिकेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "समजतं मला. रूबेनला अपघातात मारून टाकू."

त्याच संध्याकाळी तो बापाला ठेवलं होतं त्या वृद्धाश्रमात गेला. वीबेने बर्फावरच्या त्या दिवसापासून कुणालाच ओळखलं नव्हतं. आज खोलीत टीव्ही चालू होता, आणि पडद्यावर रूबेन कुणाच्या तरी छातीवर वाकला होता. दारात येल्मरला पाहताच वीबेचे डोळे चमकले. धडपडत तो सरळ बसला.

"या, या, डॉक्टर!"

"हाइत, मी येल्मर."

"येल्मर माझा मुलगा. तुम्ही ओळखता त्याला?" वीबेने त्याची बाही धरली. "नाटकात काम करतो. पण इकडे फिरकत नाही हो. तुमच्यासारखा मोठा माणूस वेळ काढून येतो, आणि पोटचं पोर... माझं काही चुकलं असेल का?"

"नाही," येल्मर म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही. येईल तो."

"कधी?"

बाही सोडवून येल्मर बाहेर आला. व्हरांड्यातल्या भिंतीला डोकं टेकून त्याने लेखिकेला फोन लावला.

"रूबेनला मारू नका," तो म्हणाला. "नाही, मला काही झालेलं नाही. फक्त त्याला मारू नका."

आतून वीबे हाका मारत होता, "डॉक्टर! अहो डॉक्टर!"

येल्मरने तोंड पुसलं आणि तो आत गेला.