बारीत गायलेलं पत्र

आमचे हे शाहीर होते, पण सुरुवातीची काही वर्षं पडेल शाहीर. गणपतीला मुंबईहून गावी यायचे, जाखडी नाचाच्या बारीला बसायचे आणि हरून घरी यायचे. बारी म्हणजे दोन शाहिरांची समोरासमोर जुंपलेली लढाई. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातूनच परतवायचा. मागे बसलेले झीलकरी ओळ न ओळ उचलून म्हणणार. यांना पुराणं तोंडपाठ, टोमण्याला मात्र तोंड फुटायचं नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वैशाखात मला मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी गेली. यांना तार केली, पण रजा मिळाली नाही. घरात कोणी तिचा विषय काढेना. बारसंसुद्धा झालं नव्हतं, तेव्हा ती जणू आलीच नव्हती. मी यांना निळ्या अंतर्देशीय पत्रावर सगळं लिहिलं. शेवटी सासूबाईंबद्दलही चार कडू ओळी खरडल्या, कारण त्यांनी मला न विचारता तिची दुपटी जाळली होती. उत्तर म्हणून मनिऑर्डर आली. कुपनावर ‘खुशाल आहे’ एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला मुलीबद्दल एक शब्द हवा होता.

गणपतीत आले तेव्हाही हे गप्पच. गौरी गेल्यावर एका दुपारी देवळासमोर बारी लागली. मी बायकांत, शेजारी सासूबाई. समोरचा शाहीर दुसऱ्या गावचा, त्याला आमचं काही ठाऊक नसावं. त्याने हसत हसत ओळ टाकली:

‘पोथ्या वाचून शाहीर दमला, घरात पाळणा नाही हलला!’

मांडव खो खो हसला. यांनी खिशात हात घातला आणि निळा कागद बाहेर काढला. ते माझंच पत्र होतं.

“मान खाली घाल. सगली बघतायत,” सासूबाई पुटपुटल्या. कागदात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटच्या चार ओळी यांनी गायल्या असत्या, तर त्या घरात मला जागा उरली नसती. यांनी सूर लावला:

‘चार दिसांची लेक माझी, होती गो होती,
कुणी तिचं नाय बोललं, तरी होती गो होती.’

झीलकऱ्यांना सवयच, ओळ आली की उचलायची. दहा-बारा पुरुष एका सुरात म्हणाले, होती गो होती. हे पत्रातून एकेक गोष्ट उचलत खाली खाली येत होते. तिच्या आवळलेल्या मुठी झाल्या, दूध शोधणारं तोंड झालं. अगदी खालच्या घडीशी, त्या चार कडू ओळींपाशी आले, थांबले आणि कागद मिटून खिशात ठेवला. सासूबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. समोरच्या शाहिराने आपली पाळी सोडून हात जोडले.

मग यांचं नाव झालं. चिपळूणपासून मालगुंडपर्यंत बोलावणी येऊ लागली, कॅसेट निघाली. नाकारलेली रजा, मुंबईच्या खोलीतलं एकटेपण, सगळं यांनी गायलं. लोक म्हणायचे, हा शाहीर खरं बोलतो. माझ्याशी मात्र चकार शब्द नाही. अख्ख्या मुलखाला माझी मुलगी ठाऊक झाली आणि घरात आम्ही भाताच्या रोपांबद्दल बोलत होतो.

शेवटी एकदा जेवताना मी ताट सरकवलं. “अहो, जगाला सांगता ते मला एकदा सांगा. झीलकऱ्यांशिवाय.”

यांचं बोट ताटाच्या कडेवर ताल धरू लागलं. मी ते बोट पकडलं.

“गायचं नाय,” मी म्हटलं.

यांनी बोट सोडवून घेतलं नाही.

“मी तिला बघितलीच नाय,” ते म्हणाले. “दिसायला कुनासारकी व्हती गो?”

“तुमच्यावानीच,” मी म्हटलं. “कान तेवढे माझे.”