पिकअपचं नाक किती वर

आमच्या पिकअपचं नाक खाली अन् पाठ वर. कंपनीतून ती तशीच येते. मागं माल भरला की पाठ बसते अन् गाडी सरळ होते. पण रिकामी उभी असली की वाटे, कोणाच्या पाया पडून राहिली. मले ते पाहवत नव्हतं. पुढच्या स्प्रिंगवर बसवायचे गुटके मिळतात, गाडी समोरून उचलणारे, हे कळलं अन् मी येड्यासारखा मोबाइलवर तेच पाहून राहिलो. जेवताना बी तेच.

गाडी खरं तर बायकोची. तिची रोपवाटिका आहे, कुंड्या पोचवायलेच घेतलेली. आजवर चालवत होतो मी. पण ती शिकली, लायसन काढलं, अन् सोमवारी धमतरीचा माल पहिल्यांदा एकटी नेणार होती. तिचा उत्साह माझ्यावर ताण.

दुकानात मिस्त्रीनं दोन गुटके काढले. एक इंची लावला तर गाडी बऱ्यापैकी बरोबरीत येईल, दोन इंचीनं रुबाब येईल, असं तो म्हणाला. माझा जीव अर्थातच दोन इंचीवर. मी बाहेर चाकाजवळ जागा मोजून राहिलो होतो तेवढ्यात त्यानं बायकोले विचारलं, "दो इंच वाला डाल दें, भाभी?"

बायको पुण्याची. ती म्हणाली, "एवढं उंच कोणाला हवं?"

"हव, हव," म्हणत त्यानं पाना उचलला. छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे हो. तिच्या ‘हवं’मधलं त्याले तेवढंच समजलं, अन् तिले वाटलं, आपलं पटलं याले. आम्ही निवांत गोल बाजारात सुतळी घ्यायले गेलो.

परत आलो तर गाडी अशी उभी, की बाप्पा! मी दोनदा फिरून पाहिली. बायको आत चढली. सीट पुढं घेतली, वर केली, मान ताणली. मी बोनेटसमोर उभा होतो.

"मला तुझं फक्त डोकं दिसतंय," ती म्हणाली. "समोर एखादं मूल आलं तर कळणारसुद्धा नाही." ती उतरली अन् चावी माझ्या हातात दिली. "सोमवारी तूच ने."

तिचा चेहरा पाहून माझा रुबाब जागच्या जागी उतरला. मिस्त्रीले म्हटलं, "निकालो भैया, एक इंची डालो." तो गोंधळला. "पर भाभी ने तो हव बोला था." तेव्हा कुठं सारा घोळ उलगडला. मी अन् मिस्त्री पोट धरून हसलो. ती मात्र गाडीकडंच पाहत होती.

एक इंची बसला, चाकांचं अलाइनमेंट झालं, हेडलाइटचा झोत खाली घेतला. ती पुन्हा चढली. मी बोनेटसमोर उभा राहिलो अन् पोटावर हात ठेवला.

"हात दिसतोय," ती म्हणाली. "बस बाजूला. मी चालवते."

बाजूच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसलो. पुरानी बस्तीच्या अलीकडं सिग्नलले एका स्कूटरवाल्यानं गाडी खालवर न्याहाळली अन् मले विचारलं, "मस्त खड़ी है भैया. आपकी है?"

मी तोंड उघडायच्या आत बायको माझ्यावरून वाकली. "मेरी है," ती म्हणाली, अन् सिग्नल सुटला. छाती माझीच फुगली होती.