कड्याला अडलेला रविवार

शनिवारी सकाळी नगरहून जामखेडला निघाले ती नर्स व्हायला. बाबा शाळामास्तर, आजोबाही शाळामास्तर. मला तर शाळेत घालण्याआधीच बाबांनी ओट्यावर बसवून अंकगणित आणि शास्त्रवचनं शिकवली. मी मास्तरीणच होणार, हे घराने परस्पर ठरवलेलं. नर्सपणाला बाबांची हरकत एकच: "नर्सला रविवार नसतो." आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी रविवारचा शब्बाथ पाळतात. रविवारी प्रवास नाही, खरेदी नाही, सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही. देवळात जायचे बूट शनिवारी संध्याकाळीच पुसायचे.

तरी सोबतीला बाबाच आले, कारण मुलीने एकटीने जाणंही आमच्यात बसत नाही. जामखेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सोमवारी सकाळी मुली पाहून एकीला ठेवून घेणार होत्या.

लढाईमुळे पेट्रोल रेशनमध्ये गेल्यापासून या रस्त्याला कोळशाच्या गॅसवरची मोटर आहे. जाणाऱ्यांनी मागचा बाक घेऊ नये. भट्टी तिथेच असते. बाबांनी पुढची जागा एका म्हातारीला आणि शेजारची तिच्या बोचक्याला दिली, म्हणून आम्ही मागे. चढ आला की उतरून ढकलायचं, तिकीट काढलेलं असलं तरी. पुढे मोगलाईचा, म्हणजे निजामाच्या हद्दीचा, जकातनाका लागतो. शिपाई ट्रंका उघडून नुसत्या बघतो आणि सोडतो. बाबांनी मात्र खिशातली चहाची पुडी स्वतःहून काढून दाखवली. तिच्यावर जकात आहे की नाही, यावर नाक्यात चर्चा. मोटर खोळंबली, लोक माझ्याकडे बघू लागले.

वाटेतल्या कडा गावाला पोचेतो भट्टीच बसली.

"आज पुढे नाहीच का? उद्या रविवार आहे," बाबांनी विचारलं.

"न्हाई मास्तर, आता सकाळीच," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचा रविवार हिनं आजच घेतला बगा!"

मी घाईने हॉटेलातून दोन दिवसांच्या भाकरी घेतल्या. तिथे आपला पैसा चालतो, पण सुटे निजामी नाण्यांत मिळतात आणि ते नगरला कुणी घेत नाही. मोजकेच पैसे द्यावेत. धर्मशाळेत ढेकूण आहेत.

रविवारी सकाळी मोटर सुरू झाली. म्हातारी खिडकीतून ओरडली, "आगं पोरी, बस की! द्येव काय तिकिटं मोजीत बसलाय व्हय?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हो तरी म्हणावं, नाही तरी म्हणावं. ते म्हणाले, "तू मोठी झालीस. तुझं तू ठरव."

असा संताप आला! इतकी वर्षं सगळं यांनीच ठरवलं, माझ्या हाडात मुरवलं, आणि आता ठरवायला मला बोलावतात. मी पाय पायरीवर ठेवला. दुसरा उचलेचना. पहिलाही खाली घेतला, मोटर निघून गेली. धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते.

हॉटेलवाल्याने फुकट चहा पाठवला. घ्यावा की नाही, या विचारात माझा निवला. बाबा मजेत प्याले. "विकत कुठे घेतलाय?"

सोमवारची मोटर जामखेडला पोचली ती दुपारी.

"बाकीच्या सकाळीच येऊन गेल्या. तू आत्ता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

"आणि इथे रविवारी बाळंतीण आली तर?"

"येईन."

"मग मोटरीत का नाही बसलीस?"

"बाळंतिणीसाठी बसले असते, बाई. स्वतःसाठी बसवेना."

हे उत्तर मी आधी योजलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाकीच्यांना नकार कळवते. पुढच्या सोमवारी ये. आणि त्या आठवड्यापासून रविवारची पाळी तुझी."

बाहेर बाकावर बाबांनी सगळं ऐकलं होतं. परतीच्या मोटरीत ते मला सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, माझ्यावर रागावले.

घरी येऊन हिशेब मांडला तर रस्ता वाईट, ढेकूण भरपूर, नोकरी मिळाली. बाबांपासून लांब जायला निघाले होते, पण त्यांनी शिकवलेल्याच वाटेने पोचले, आणि याची चीड अजून गेलेली नाही. काल ट्रंक भरताना तळाशी बूटपॉलिशची डबी सापडली.

"तिकडे रविवारी पाळी आहे ना," बाबा वर न बघता म्हणाले. "बूट शनिवारीच पुसत जा."

रविवारी दिवसभर मी भांडी घासणार, फरशा धुणार, रक्ताची फडकी उकळणार. आणि बूट शनिवारी पुसणार. ही डबी फेकून द्यावी, असं अगदी मनात आलं. पण जुन्या रुमालात नीट गुंडाळून ठेवली. झाकण निघालं तर पातळांना डाग पडतील.